उजवीकडचा सिंह

कुवेतमध्ये एखादं कुटुंब कायमचं भारतात परत चाललंय, ही बातमी त्या माणसांच्या आधी त्यांच्या सोफ्याकडून कळते. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये सकाळी सोफ्याचा फोटो येतो, मग वॉशिंग मशीनचा, मग इस्त्रीच्या टेबलाचा, आणि संध्याकाळपर्यंत पडद्यांच्या दांड्यासुद्धा येतात. सोफ्याखाली 'फक्त दोन वर्षं वापरलेला' असं लिहिलेलं असतं आणि त्याच सोफ्यावर बसून आपण सात वर्षांपूर्वी पोहे खाल्लेले असतात. एकोणीस वर्षांत मी अशी पुष्कळ घरं फोटोफोटोंनी रिकामी होताना पाहिली आहेत. आमच्या सालमियातल्या फ्लॅटमधली निम्मी भांडी निघून गेलेल्या माणसांची आहेत. कुठली कढई कुणाची ते मला पाठ आहे.

तशाच एका यादीत, मिक्सर आणि घडीचा पलंग यांच्या मधोमध, एक लेन्स होती. कॅमेऱ्याला लावायची, दुधाच्या किटलीएवढी लांब, दूरचे प्राणीपक्षी जवळ आणणारी. मी नवऱ्याला म्हटलं, आपण नुसती बघून येऊ. त्याने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाहेर पडतानाच मी पर्समध्ये कॅमेरा टाकला.

हा कॅमेरा मुलाचा. तो शिकायला कॅनडाला गेला आणि जाताना त्याला नको असलेल्या वस्तू मागे ठेवून गेला, त्यांत कॅमेरा होता आणि आम्ही दोघं होतो. करोनाच्या बंदीत मी बाल्कनीतून त्या कॅमेऱ्यानं समुद्रपक्षी टिपायला लागले. आधी वेळ जावा म्हणून, मग वेळ मिळावा म्हणून. कुवेतच्या कागदपत्रांत मी नवऱ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती आहे, माझ्या इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, प्रकारच तसा आहे. माझं म्हणावं असं काही करायला लागून मला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मी ते जरा चोरूनच करत होते.

लेन्सचे मालक रिग्गईला एका खोलीत राहत होते. मूळचे रत्नागिरीकडचे, एका कंपनीच्या गोदामात चौतीस वर्षं सामान मोजलेले, पासष्टीच्या पुढचे गृहस्थ. मी त्यांना चाचा म्हटलं आणि त्यांनी मला बाय. खोलीतल्या चार पलंगांपैकी त्यांचा गुंडाळून ठेवलेला होता आणि त्यावर त्यांचं सगळं कुवेत मांडलेलं होतं. लेन्स फडक्यात गुंडाळलेली होती. शेजारी एक रुंद काठाची खाकी टोपी होती, हनुवटीखाली बांधायच्या दोरीची, किमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेली. नवऱ्यानं उगाच विचारलं, ही पण विकायची का. चाचांनी ती उचलून आपल्या बॅगेत ठेवली.

टोपी आणि लेन्स त्यांनी एकाच आठवड्यात घेतली होती, आफ्रिकेला सिंह बघायला जायचं म्हणून. ती हकीकत त्यांनी चहा होईपर्यंत सांगून संपवली. आधी धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मग घराचा स्लॅब. मग मुलीचं लग्न, मग गुडघा, मग करोना, आणि आता कंपनीनं सांगितलं की पुरे. तक्रारीचा सूर नव्हता. बसचा नंबर सांगावा तसं सांगत होते. दरम्यान गच्चीवर जाऊन त्यांनी त्या लेन्समधून रिग्गईतली झाडून सगळी कबुतरं टिपली होती. त्यांचे छापील फोटो त्यांनी दाखवले, आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक कबुतर चित्राच्या उजव्या बाजूला बसलेलं आहे.

"बाय, ही माझ्या हातून पडलेली हाय," चाचा म्हणाले. "डावीकडं जरा धुरकट येतां. लपवून इकनार नाय मी. जां काय काडशील तां उजवीकडं ठेव."

नवऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच किंमत पाडायचा भाव आला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. निघताना चाचा दारापर्यंत आले आणि जरा संकोचून त्यांनी अट सांगितली.

"हिच्यातनं मी सिंव काडनार होतो, कबुतरंच काडली. तू सिंव काड. आनि एक मला कागदावर पाटव. मोबायलवर नको."

मी हो म्हटलं. एवढ्या सहज म्हटलं, की जणू सालमियाच्या समुद्रकिनारी सिंह संध्याकाळी फिरायलाच येतात.

पुढची दीड वर्षं मी सगळं उजवीकडे ठेवायला शिकले. बगळे उजवीकडे, डावीकडे धूसर पाणी. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात तेव्हा पहाटे उथळ खाडीच्या काठावर जायचं, तर तेही उजवीकडे. कुवेतमध्ये एवढी मोठी लेन्स घेऊन उघड्यावर उभं राहणं हा धाडसाचाच प्रकार आहे, कारण समोर पक्षी आहे की एखादं सरकारी कुंपण हे लांबून कुणाला सांगता येत नाही. मी ती तांदळाच्या रिकाम्या पिशवीत घालून न्यायचे. एकदा पोलिसांची गाडी थांबलीच. तरुण पोलीस उतरला, पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अरबीत विचारलं, हे काय. मला एकोणीस वर्षांत भाजीवाल्याशी बोलण्यापुरतंच अरबी आलेलं असल्यामुळे मी त्याला सरळ कॅमेऱ्याच्या पडद्यावर रोहित दाखवले. त्यानं चाळीसच्या चाळीस पाहिले. मग स्वतःचा मोबाईल काढून मला त्याच्या ससाण्याचे फोटो दाखवले, तेही बरेच होते. दोघांनीही एकमेकांचं मनापासून कौतुक केलं आणि तो गेला. ससाणा मधोमध होता, पण मी काही बोलले नाही.

चाचांचा निरोप दर दोन-तीन महिन्यांनी येई. आमच्या इमारतीखाली अत्तराचं दुकान आहे, तिथे काम करणारे गृहस्थ चाचांच्याच गावचे. मी जाता-येता दिसले की ते काउंटरमागून हात करत आणि म्हणत, चाचा विचारतात, सिंह झाला का. प्रश्न जणू बाळंतपणाचा असावा असा. मी म्हणे, अजून नाही. हळूहळू मी दुसऱ्या दारानं जायला लागले.

सिंहाचा योग अखेर नवऱ्याच्या साहेबांमुळे आला. नवरा ज्या बँकेत आहे तिथे त्याच्या वर एक मराठी साहेब आहेत, मुंबईचे. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं की ईदच्या सुट्टीत ते मिसेसना घेऊन केनियाला फोटोग्राफीच्या सफरीवर चालले आहेत. पुण्याचे एक सर अशा सफरी नेतात, प्राणी दाखवतात आणि फोटो शिकवतात, गाडीत आणखी दोघांची जागा आहे. दीड वर्ष मी घरात सिंह सिंह करत होते तेव्हा नवऱ्याला आफ्रिका फार लांब वाटत होती. साहेब म्हणाल्यावर ती सालमियाच्या पुढच्याच सिग्नलवर आली. मी टोमणा मारला नाही. सिंह मिळत असेल तर मी बरंच काही गिळायला तयार होते.

सरांनी पाठवलेल्या यादीत एक वस्तू अशी होती: लेन्स टेकवायला कापडी पिशवी, रिकामी आणावी, तिकडे गेल्यावर तांदूळ किंवा घेवडा भरू, शेवटच्या दिवशी रिकामी करू. रिकामी करू म्हणजे काय, हे सरांनी लिहिलं नव्हतं. पाच किलो तांदूळ नुसता लेन्सखाली दाबायचा आणि टाकायचा हे काही माझ्या मनाला पटेना. मी विचार केला, कुवेतहूनच जाडे पोहे भरून न्यावेत, हलके असतात, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना फोडणी देऊन घालावेत. नैरोबीच्या विमानतळावर माझी पिशवी उघडून तिघांनी हुंगली. तिसऱ्या दिवसापर्यंत लेन्सच्या वजनाखाली पोह्यांचं पीठ झालं होतं आणि ते शिवणीतून गळत होतं. साहेबांच्या पिशवीत रीतसर घेवडा होता. साहेबांचं सगळंच रीतसर होतं. कॅमेरा माझ्यापेक्षा दोन पिढ्या पुढचा, जाकिटाला सोळा खिसे आणि डोक्यावर रुंद काठाची खाकी टोपी, हनुवटीखाली दोरी. ती टोपी पाहून मला रिग्गईची खोली आठवली आणि साहेबांचा विनाकारण राग आला.

गाडी उघड्या बाजूंची होती. पुढे उजवीकडे ड्रायव्हर, त्याच्या शेजारी सर, मग दोन-दोन जागांच्या दोन रांगा. ड्रायव्हर तिथलाच, शांत माणूस, गवताकडे नुसतं पाहून त्यात कोण आहे ते सांगणारा. आम्ही चौघंही कुवेतच्या सवयीनं त्याला 'यल्ला, यल्ला', म्हणजे चल, चल, म्हणायचो. दुसऱ्या दिवशी त्यानं इंग्रजीत सांगितलं की हा शब्द त्याला ठाऊक आहे, त्याची बहीण कुवेतला एका घरी कामाला आहे. कुठल्या भागात, असं मी विचारलं. ते तिला नीट सांगता येत नाही, तो म्हणाला. त्यानंतर आमचं 'यल्ला' आपोआप बंद झालं.

जागांचं सरांनी वेळापत्रक केलं होतं. ड्रायव्हर गाडी नेहमी अशी उभी करतो की प्राणी त्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे येतो. म्हणून मधल्या रांगेतली उजवी जागा ही सोन्याची, आणि ती रोज एकाला. पहिल्या दिवशी साहेब. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या मिसेस, पण त्यांना गाडी लागत असल्यामुळे साहेब. तिसऱ्या दिवशी नवरा, पण त्याला साहेबांपुढे बसणं सुधरेना, म्हणून साहेब. चौथा दिवस, शेवटचा, माझा होता.

तोपर्यंत आम्हांला हत्ती भरपूर मिळाले, जिराफ नको इतके, झेब्रे तर मोजायचं सोडून दिलं. सिंह एकदाच दिसला होता, तोही झुडपाखाली पाय वर करून झोपलेला, जेवणानंतरच्या रविवारसारखा. संध्याकाळी सर प्रत्येकाचे फोटो मोठ्या पडद्यावर लावून चुका सांगत. माझ्यावर ते हताश झाले होते. प्रत्येक हत्ती उजव्या कडेला का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लेन्स डावीकडे धूसर आहे. त्यांनी ती डोळ्याला लावली, फिरवली, परत दिली आणि म्हणाले की ही लेन्स बदला. साहेब म्हणाले, त्यांच्याकडे एक जुनी पडून आहे, ती मी घेऊन टाकावी. सगळे एवढे चांगुलपणानं बोलत होते की मला ओरडावंसं वाटलं. मला त्याच लेन्समधून सिंह हवा होता. का, ते मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांना ती गोष्ट गोड वाटली असती.

चौथ्या दिवशी पहाटे आम्ही गाडीपाशी आलो. थंडी होती. मी माझ्या जागेवर चढून बसले, पिठाची पिशवी कठड्यावर मांडली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि पहिल्यांदाच मला समोर सगळं मोकळं दिसलं. साहेबांच्या मिसेस मागच्या रांगेत उजवीकडे बसल्या, नवरा माझ्या शेजारी. राहिली मागची डावी जागा, सगळ्यांत वाईट. साहेब खाली उभे राहून तिकडे बघत होते. त्यांनी ती मागितली नाही, सुचवलंही नाही. आणि मी, जिनं दीड वर्ष या सकाळची वाट पाहिली होती, तीच मी उठून म्हणाले, "तुम्ही बसा ना इथे."

का म्हटलं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. नवऱ्याच्या बढतीसाठी नाही, ते पद कधीच गोठलेलं होतं. नवऱ्यानं खुणावलं म्हणूनही नाही, तो बिचारा बुटाची नाडी बांधत होता. माझ्या तोंडून ते शिंकेसारखं आलं. घरी पाहुण्याला पाट द्यायचा, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यायची, ताटातला शेवटचा लाडू दुसऱ्याकडे सरकवायचा, हे पन्नास वर्षं हाडात मुरलेलं असतं, समोर सिंह आहे म्हणून ते थांबत नाही.

तरी अजून सगळं गेलं नव्हतं. आपल्याकडे आग्रहाचे तीन फेरे असतात. पहिल्या फेऱ्याला समोरचा नाही म्हणतो, दुसऱ्यालाही नाही म्हणतो, आणि तिसरा फेरा झाला की बसतो. दुसऱ्या फेऱ्यानंतर गप्प राहिलं की झालं, कुणाचा अपमान होत नाही. साहेब म्हणाले, छे छे, आज तुमचा नंबर. मी म्हटलं, अहो बसा. साहेब म्हणाले, नाही हो, वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. इथे मी गप्प बसायचं होतं. सरांनी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हर आमच्याकडे वळून पाहत होता, या लोकांचं भांडण चाललंय की काय अशा नजरेनं. आणि मी तिसरा फेरा पूर्ण केला. म्हटलं, "बसा हो, मला मागूनसुद्धा दिसतं."

साहेब बसले. त्यांनी माझी पिठाची पिशवी अलगद उचलून मागे दिली.

अर्ध्या तासानं सिंह आला. झुडपातून वगैरे नाही, सरळ रस्त्यानं, आमच्या मागून, सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाच्या चालीनं. आयाळ काळपट, अंगावर कोवळं ऊन. गाडीच्या उजव्या अंगानं तो आमच्या बरोबरीनं चालत पुढे येऊ लागला, दहा-बारा हातांवरून. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सरांनी बोट वर केलं, म्हणजे श्वास सुद्धा जपून घ्या. मी मागच्या डाव्या कोपऱ्यात. माझ्या उजवीकडे साहेबांच्या मिसेस, पण त्या गाडी लागून गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या, म्हणून त्यांच्या पाठीवरून मला बाहेरचं दिसत होतं. मी लेन्स जितकी आखूड होते तितकी केली. सिंह उजवीकडून चित्रात शिरला. आपोआप, न सांगता, उजवीकडून. मला रडूच फुटणार होतं. आणि त्याच क्षणी डावीकडून साहेबांची टोपी आली.

साहेब अर्धवट उठून बाहेर झुकले होते. टोपीनं चित्राचा डावा भाग व्यापला. मी एकच फोटो घेऊ शकले. पुढच्या क्षणी सिंह साहेबांच्या समोर पोचला आणि मला फक्त सोळा खिसे दिसायला लागले. साहेबांच्या कॅमेऱ्याचा आवाज शिवणयंत्रासारखा चालला होता. तो थांबला तेव्हा सिंह गवतात गेलेला होता.

मला राग आला. साहेबांचा नाही, त्यांनी काय केलं होतं? माझाच. मी परतीच्या सबंध रस्त्यात एक शब्द बोलले नाही आणि सगळ्यांना वाटलं मलाही गाडी लागली. साहेबांच्या मिसेसनी मला त्यांची गोळी दिली. ती मी घेतली.

त्या संध्याकाळी पडद्यावर साहेबांचा सिंह लागला तेव्हा सर टाळ्या वाजवायला लागले. खरोखर सुरेख होता. डोळ्यांत सूर्य, मिशांचा केस न् केस मोजून घ्यावा. माझा लागला तेव्हा नवरा हसला, मग हसू थांबवून खोकला. उजवीकडे चालत येणारा सिंह, डावीकडे एक धूसर टोपी, तिच्याखाली एक धूसर पाठ. सर म्हणाले, हा काढून टाका. मी नुसतं हं म्हटलं. साहेबांनी मोठ्या मनानं त्यांचा फोटो आम्हां सगळ्यांना पाठवला, हवा तसा वापरा म्हणाले.

कुवेतला परत आल्यावर चौथ्या दिवशी अत्तरवाल्यांनी मला दुसऱ्या दारावर गाठलं. मी त्यांना चुकवते हे त्यांनी कधीपासून ओळखलं होतं कोण जाणे. ते गुरुवारी रजेवर गावी चालले होते. आखातातून कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेत निम्मं सामान दुसऱ्यांचं असतं, हा इथला न लिहिलेला कायदा आहे. तुमचा सिंह द्यायचा असेल तर द्या, ते म्हणाले, चाचांचा फोन येतोय, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे, डोळा राहतो की जातो कोण जाणे, त्याआधी बघायचाय.

नवरा म्हणाला, साहेबांचा छापून पाठव. गावी बसलेल्या म्हाताऱ्याला काय कळणार? त्यांना आनंद झाल्याशी कारण. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता आणि मलाही ते बरोबर वाटलं, हेच वाईट. दोन संध्याकाळी मी संगणकापुढे बसले. साहेबांचा सिंह मधोमध होता. मी त्या फोटोची उजवी बाजू कापली, म्हणजे सिंह उजवीकडे सरकला. अगदी चाचांच्या कबुतरासारखा. एवढं कौशल्य मी चार दिवसांच्या सफरीत दाखवलं नव्हतं. हवल्लीतल्या एका फोटोवाल्याकडून तो मोठा छापून घेतला, नळकांड्यात घातला आणि अत्तरवाल्यांच्या हाती दिला. मग घरी येऊन उगाच सगळे डबे घासले.

आठ दिवसांनी चाचांचा फोन आला. मागे कोंबड्यांचा आवाज होता. फोटो सुरेख आहे, ते म्हणाले, सिंह राजासारखा आहे, उजवीकडेच ठेवलास, लक्षात ठेवलंस. मी म्हटलं, हो ना. मग पलीकडे फोटोचा कागद सळसळला. रागावले नव्हते. गोदामात खोक्यात एक नग कमी भरला तर माणूस ज्या आवाजात विचारेल त्या आवाजात त्यांनी विचारलं.

"पन बाय, भिंगातनं डावीकडचा गवत काडीकाडी मोजता येतंय. ह्यो कुनाचा?"

मी काहीतरी सांगायला लागले, दुरुस्त केली, साफ केली, आणि मध्येच थांबले. मग सगळं सांगितलं. जागा, तीन फेरे, साहेब, टोपी. कापलेली उजवी बाजू सुद्धा. पलीकडे चाचा हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि कुणीतरी त्यांना पाणी दिलेलं मला ऐकू आलं.

"तीनदा बोललीस बसा म्हनून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग तो काय करनार," ते म्हणाले. आणि मग: "तुझा पाटव. टोपीवाला."

मी म्हटलं, चाचा, तो दाखवण्यासारखा नाही, अर्ध्या भागात माणूसच आहे. त्यांनी विचारलं, त्याचं तोंड दिसतं का. मी म्हटलं, नाही, पाठमोरा आहे, आणि डावीकडे असल्यामुळे अगदीच धूसर. बरं झालं, ते म्हणाले. मला वाटलं, माझं मन राखायला म्हणत आहेत.

दुसरा फोटो मी कुरियरनं पाठवला. तो छापताना हवल्लीचा फोटोवाला दोनदा विचारत होता की हाच का, कारण आधीचा चांगला होता.

अत्तरवाले दीड महिन्यानं रजेवरून परत आले. मी आता पुढच्या दारानं जाते. त्यांनी हात केला, मी आत गेले. त्यांनी काउंटरखालून आंबापोळी काढून दिली, चाचांकडून. मोतीबिंदूचं नीट झालं का, मी विचारलं. झालं, एका डोळ्याचं. आणि फोटो?

लावलाय, ते म्हणाले, पुढच्या पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आधीचा, तो राजासारखा, चाचांनी नातवाच्या शाळेला देऊन टाकला. टोपीवाल्याला मात्र काच घालून घेतली आहे. खुंटीवर त्याच्याशेजारी त्यांची खाकी टोपीसुद्धा लटकते, तसलीच. जो येईल त्याला चाचा सांगतात की कुवेत सोडण्याआधी गेलो होतो आफ्रिकेला, सिंह एवढा जवळ आला होता, ही बघा माझी पाठ. फोटो मागच्या सीटवरून त्या सालमियाच्या बायनं काढला.

अत्तरवाले माझ्याकडे बघत राहिले. ते चाचांच्या खोलीत दोन वर्षं राहिले होते. चाचा कधी कुठे गेले नाहीत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

"खरंच पुढं चाचा बसलेले?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "माझी जागा होती ती. मीच त्यांना आग्रह करून बसवलं."